तिच्या नावची मेंढी

सोलापुरात माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. कोर्टाजवळ असल्यामुळे नातेवाईक मला अर्धा वकील समजतात, आणि मीही तो गैरसमज लॅमिनेट करून जपला आहे. म्हणून भाचीच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं.

भाची म्हणजे माझ्या अक्काची मुलगी, सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली. पशुविज्ञान शिकून कॅनडाला गेली आणि आता तिथली नागरिक झाली. शेजारच्या अमेरिकेत, मेंढ्यांच्या पैदास केंद्रात तिला नोकरी मिळाली. तिकडच्या तीन देशांच्या व्यापार करारात व्यवसायांची एक यादी आहे. तुमचा व्यवसाय त्या यादीत असला, पदवी आणि नोकरीचं पत्र हातात असलं, तर कॅनडाच्या माणसाला निघतानाच, कॅनडातल्या विमानतळावर बसलेल्या अमेरिकी अधिकाऱ्याकडून कामाचा परवाना मिळतो. खिडकीतला तो अधिकारी नाही म्हणाला, तर मात्र विमानही गेलं आणि नोकरीही.

मी यादीचा कागद घेऊन अक्काकडे गेलो. ओसरीवर उभा राहिलो, घसा साफ केला आणि दवंडी दिल्यासारखं वाचलं, "वकील. इंजिनिअर. दंतवैद्य. ग्रंथपाल. आणि जनावरांची पैदास करणारा तज्ज्ञ."

दाजी तंबाखू मळत होते. त्यांचा हात थांबला.

"म्हंजी आमी?"

"तुमीच की."

"वकिलाच्या पंगतीला?"

"एकाच कागदावर."

दाजींनी तंबाखू तशीच मुठीत ठेवली. "मग वकिलाला इचार, अडलेली मेंढी सोडवता येती का."

भाचीची इथली मूळ पदवी अक्काच्या ट्रंकेत होती. ती पाठवायची होती. अक्काच्या सासरी एक रीत आहे. मूल जन्मलं की कळपातली एक मेंढी त्याच्या नावची करायची, आणि घरचं माणूस लांब निघालं की त्या मेंढीच्या वंशातली चिमूटभर लोकर त्याच्याबरोबर द्यायची. भाची पहिल्यांदा परदेशी गेली तेव्हा गडबडीत ते राहून गेलं होतं. अक्कानं या वेळी फोल्डरमधली पदवी आणि मागचा पुठ्ठा यांच्यामध्ये लोकर सारली. मी पाहिलं. कुरिअरच्या फॉर्मवर मात्र 'फक्त कागदपत्रे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

जायच्या दिवशी तिकडे सकाळ होती, आमच्याकडे दिवेलागण. आम्ही तिघं फोन मध्ये ठेवून बसलो होतो. फोन वाजला तेव्हा अक्कानं तो उचलायला मला ढकललं. मी तो स्पीकरवर टाकला.

"मामा," भाची म्हणाली, "फोल्डरमध्ये काय घातलं होतंस?"

मी अक्काकडे बघितलं. अक्का आढ्याकडे बघत होती.

झालं होतं असं. अधिकारी पत्र वाचून म्हणाला, मेंढ्या सांभाळणं हे तज्ज्ञाचं काम कसं? मजुरांना या करारात जागा नाही. भाचीनं पदवी दाखवायला फोल्डर उघडलं, तर काउंटरवर काळी लोकर पडली. हे काय, असं त्यानं विचारलं.

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. माझ्या नावच्या मेंढीच्या वंशातली आहे म्हटलं. मग तिची आई कोण, आजी कोण, कुणाला जुळी झाली, कुणाचं दूध कमी होतं, तिच्या पोटची कोकरं पैदाशीला का ठेवली नाहीत, सगळं सांगितलं. कळपात एकच रक्त फिरू नये म्हणून बाबा दर दोन वर्षांनी करकंबच्या पाव्हण्यांशी मेंढा बदलतात तेही. तो म्हणाला, हे कुठं लिहिलंय? मी म्हटलं, लिहिलेलं नाही, वडिलांना पाठ आहे. तिकडं मी हेच संगणकावर करणार आहे."

"मग?" दाजी फोनवर वाकले.

"मग त्यानं शिक्का मारला, बाबा. तीन वर्षांचा. आणि लोकर जप्त करून घ्यायला मला शेजारच्या खिडकीवर पाठवलं."

अक्कानं पदर डोळ्यांना लावला. मी मिशीवरून हात फिरवला, जणू शिक्का माझ्याच दुकानातला. दाजी मात्र वेगळ्याच विचारात होते.

"जप्त केली, त्याचं कायतरी लिवून दिलं का?"

"दिलं की. पावती आहे. कुठली वस्तू, कुठून आली."

"सांगोला लिवलंय?"

"मीच लिहिलंय."

"पाठीव."

तिनं फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी मी तो मोठा छापला आणि लॅमिनेट करून दिला. तो आता दाजींच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेला आहे. पोरगी परदेशी काय करते, असं कुणी पाव्हण्यानं विचारलं की दाजी काठीनं तिकडे दाखवतात.

"आमचंच काम करती. हितली लोकर तितं सायबानं तपासून घेतलीया."

इंग्रजी कुणालाच वाचता येत नाही, म्हणून पुढचं वाचून दाखवायला मला फोन लावतात. मी दुकानातली गिऱ्हाइकं थांबवून वाचतो. दर वेळी थोडं वाढवून.