आत ऐकतंय

आधी तिचं बोट ओठांवर जायचं. मग तेच बोट समोरच्या बाईच्या पोटाकडे वळायचं आणि ती म्हणायची, "हळू बोला की. आत ऐकतंय."

मला तर हे दिवसातून दहा वेळा ऐकावं लागायचं, कारण माझा आवाज. मी नर्स. सगळी नोकरी ओरडण्यात गेली. ओरडल्याशिवाय आपल्याकडे रांग लागत नाही आणि गोळी गिळली जात नाही, असं माझं ठाम मत होतं. कुंडलच्या अलीकडे एका गावात आमचं दोन खोल्यांचं उपकेंद्र. मी तिथली सिस्टर आणि ती त्या गावची आशाताई. गावातल्या पोटुशी बायका शोधायच्या, त्यांना माझ्यापुढे आणून बसवायचं, गोळ्या घरपोच करायच्या, हे तिचं काम. तोंडावर मी तिला ताईच म्हणायचे. मनातल्या मनात बोलताना मात्र 'ती'च येतं, म्हणून इथंही तसंच लिहिते.

'आत ऐकतंय' हे शब्द तिचे, पण धडा माझा होता. एका प्रशिक्षणात मी फळ्यापाशी उभी राहून सांगितलं होतं, की गरोदर बाई सतत धुसफुसत राहिली, धसका घेऊन बसली, की तिची झोप जाते, जेवण तुटतं, बीपी वाढतं आणि त्याचा त्रास बाळालाही होतो. बाकीच्या बायकांनी वहीत लिहून घेतलं आणि चहाला गेल्या. हिनं मनावर घेतलं.

एकदा वरात चालली होती. ट्रॉलीवर डॉल्बी, घरांच्या काचा थरथरतायत, आणि ही सरळ ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी. "आवं, त्या निळ्या दाराच्या घरात सातवा महिना हाय. बंद करा." पोरं म्हणाली, "मावशी, वरात हाय, भजन न्हाई!" तर म्हणते कशी, "मग नाचा की रं. नाचायचं पायानं असतंय, कानानं न्हाई." पोरांनी हसत हसत बंद केला. पुढच्या गल्लीत परत लावला म्हणा, पण निळं दार मागं पडलं होतं, त्यामुळे तिचं काही म्हणणं नव्हतं.

अशी बाई तुमच्याही गावात असेल. आपण तिला थोडी खुळी समजतो आणि अडचण आली की पहिली हाक तिलाच मारतो.

गावात एक म्हातारी होती. सुनेला उठता बसता शिव्या. राग असायचाच असं नाही, सवय. सून पाच महिन्यांची, रडून रडून तोंड सुकलेलं. मी म्हटलं, "थांबा, मीच जाऊन म्हातारीला झाडते." ही म्हणाली, "नगं, सिस्टर. तुमी आला की सगळी गल्लीच बाळंत व्हईल." आणि स्वतः जाऊन म्हातारीपुढे मांडी घालून बसली. "आवं काकी, शिव्या द्यायच्यात न्हवं? मला द्या. मी काय पोटुशी न्हाई." त्या दिवसापासून रोज सकाळी ही गोळ्या वाटायला निघाली की आधी त्या ओसरीवर थांबायची, म्हातारीचं सगळं ऐकून घ्यायची आणि मग पुढे जायची. चार महिने. त्या सुनेला छान तीन किलोची मुलगी झाली आणि म्हातारीनं गावभर पेढे वाटले. हिला दोन दिले.

तिची आणखी एक पद्धत होती, ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवरच आहे. बाई चालत आली, किंवा घरातून भांडून आली, की लगेच बीपी बघायचं नाही. आधी स्टुलावर बसवायचं, तांब्याभर पाणी द्यायचं, कुणी बोलायचं नाही. दहा मिनिटांनी मशीन लावायचं. आकडा जास्त आला तर पुन्हा थांबायचं, पुन्हा लावायचं. बहुतेक वेळा उतरलेला असायचा. "बघा, रागाचं हुतं, गेलं," असं म्हणून ती मशीन पिशवीत टाकायची. मला ही पद्धत इतकी आवडली की मी आजूबाजूच्या गावच्या आशांनाही शिकवली.

मग तिच्या स्वतःच्या घरात पाळणा हलायची वेळ आली. मुलगा फौजेत, लांब कुठंतरी. सून फलटणची, हसरी पोरगी. सासूला आत्या म्हणायची. त्या घरात त्या दिवसांत मिक्सर फिरला नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ही गॅस बंद करायची. "सिस्टर, आठ महिने झाले, मी शिजलेली डाळ बघितली न्हाई," असं पोरगी माझ्याकडे तक्रार करायची आणि दोघी हसायच्या.

आठवा महिना संपत आला होता. मी लसीकरणाला बसले होते, समोर वीस पोरं एका सुरात रडत होती, आणि तिचा फोन आला.

"सिस्टर, सूनबाईचं बीपी दीडशे-शंभर दावतंय."

"पळापळ केली का काही?"

"भांडलो आमी. तिला म्हायेरी जायचंय बाळंतपणाला. पयलं हाय, रीतच हाय ती. मी म्हनलं, तितं तुझ्याकडं कोन बघणार? माझ्या डोळ्याम्होरं ऱ्हा. तर बॅग भराय लागली. मग मी वरडले. लय वरडले, सिस्टर. गल्लीला ऐकू गेलं."

मला हसू आलं. खरंच सांगते, हसू आलं. "तुम्ही? ओरडलात?"

"तिचं डोकं दुखतंय म्हणती."

"रडली असेल."

"व्हय, सकाळधरनं. जेवली बी न्हाई."

"मग दुसरं काय होणार? झोपू द्या तिला. राग उतरला की बीपी उतरेल. संध्याकाळी परत बघा."

एवढं बोलून मी फोन ठेवला आणि पुढचं पोर मांडीवर घेतलं.

आठव्या महिन्यात दीडशे-शंभर आणि वर डोकेदुखी, म्हणजे वाट बघायची नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. भांडण झालेलं असो नाहीतर नसो. हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. तोंडावर सूज आहे का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हेही विचारायचं असतं. मी काहीच विचारलं नाही. डोकं दुखतंय तर रडल्यामुळे, जेवली नाही तर रुसल्यामुळे. त्या एका भांडणात आम्ही दोघींनी सगळं बसवून टाकलं.

चार वाजता पोरीला झटके आले. सांगलीला नेईपर्यंत आणखी दोनदा आले. पोरगी वाचली. मुलगा होता. तो पोटातच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. मी जवळ जाऊन, माझ्या आयुष्यात कधी बोलले नव्हते इतक्या हळू म्हटलं, "ताई."

तिनं वर बघितलं. "मोठ्यानं बोला, सिस्टर. आता आत कुनी न्हाई."

मग म्हणाली, "शेवटचं त्यानं काय ऐकलं असंल, तर माझं वरडणं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका भांडणानं बाळ जात नाही, ताई. तुम्ही फोन केला होता, मी झोपू द्या म्हणाले. एवढी दोनच वाक्यं होती. माझ्या तोंडून आलं, "देवाची इच्छा." आग लागो माझ्या तोंडाला.

तिनं आशाचं काम सोडलं. बोलणंही जवळजवळ सोडलं. दोन वर्षांनी सुनेला परत दिवस गेले, तेव्हा ती हसेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं ऐकलं, पिशवीत चार लुगडी भरली आणि लोणंदला भावाकडे निघून गेली. "माझा आवाज नगं त्याच्या कानावर," एवढंच म्हणाली. फोनवर सुद्धा यायची नाही. भाऊच सांगायचा, ताई बरी हाय म्हणून. सून तपासायला आली की माझ्यापुढे रडायची. "सिस्टर, मी त्यांना कवा काय म्हनलेच न्हाई हो. तुमी सांगा की त्यांना. तुमचं ऐकत्यात त्या."

मी हो म्हणायचे. लोणंद काही विलायतेत नाही, एसटीनं जाता येतं. पण मी जात नव्हते. तिला घरी आणायचं तर मला खरं सांगावं लागलं असतं.

यावेळी आम्ही डोळ्यांत तेल घालून पोरीला जपलं. मुलगी झाली, ठणठणीत. बारशाला सुनेनं रजेवर आलेल्या नवऱ्याला लोणंदला धाडलं आणि आत्या आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही म्हणून बसली. ती आली. वाळली होती. बायका पाळणे म्हणत होत्या, तेव्हा ती दारातच उभी राहिली, पदर तोंडावर धरून.

जेवणं सुरू झाली तशी आतली खोली रिकामी झाली. पाळण्यात पोरगी झोपलेली, दोरी हातात धरून ती बसलेली, आणि मी. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"ताई, तुमच्या ओरडण्यानं काही झालं नव्हतं. तो आजार होता, आधीपासून वाढत असणार. तुम्ही एक शब्द बोलला नसता तरी बीपी चढलंच असतं. तुम्ही वेळेवर विचारलंत. झोपू द्या म्हणणारी मी होते."

तिच्या हातातली दोरी थांबली.

"म्हंजे सकाळीच नेली असती तर?"

मी मान खाली घातली. "बहुतेक वाचला असता."

तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. एवढी वर्षं स्वतःवर काढलेला सगळा राग आता माझ्यावर येणार, हे मला दिसत होतं, आणि तो मला हवा होता. मी म्हटलं, "द्या शिव्या मला. मी काही पोटुशी नाही."

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात पाळण्यात पोरगी जराशी हलली, मूठ वर आली. तिनं तिकडे बघितलं. मग तिचं बोट ओठांवर गेलं.

"हळू, सिस्टर," ती म्हणाली. "ऐकतीय."

संध्याकाळच्या एसटीनं ती लोणंदला परत गेली. मला वाटलं होतं, खरं कळलं की ती घरी राहील. ती राहिली नाही. आता सणावाराला येते, नातीला मांडीवर घेते, कुजबुजत बोलते आणि परत जाते. मी नोकरीत होते तोवर उपकेंद्रावरून जायची, पण आत यायची नाही.

मी आता निवृत्त झाले. फोन वाजला की अजून आधी तिचं नाव आहे का बघते. एकदा तरी तिनं फोन करावा आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं माझ्यावर. ती ओरडत नाही.