सरूमावशीनं ओतून टाकलेली बासुंदी

लग्नाचा स्वयंपाक ठरवायला कुणी आलं की पानं किती, हे सरूमावशी सगळ्यात शेवटी विचारायची. आधी समोरच्याला पाण्याचा तांब्या द्यायची, मग त्याच्या तोंडाकडं बघत म्हणायची, "भ्याव कशाचं वाटून राहिलं, ते सांग पहिलं."

अर्धापूरला तिचं दोन खोल्यांचं घर होतं. कमल आणि आणखी दोन बायांना हाताशी घेऊन ती आसपासच्या गावांतल्या लग्नांचा स्वयंपाक करायची. साठीची, काळीसावळी, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला. चुलीवरचं काहीही ती चाखायची नाही. नुसतं झाकण उघडून वास घ्यायची. "जिभंला लोभ असतो, नाकाला नसतो," असं तिचं म्हणणं.

मी नांदेडला एका शाळेत क्लार्क आहे. वडील गेल्यावर धाकट्या बहिणीचं, वैशालीचं, लग्न माझ्यावर आलं. तिचं आधी एकदा ठरलेलं लग्न मोडलं होतं. साखरपुड्याच्या पंगतीत पोळ्या कमी पडल्या आणि नवऱ्या मुलाचे काका ताटावरून उठले, एवढंच निमित्त. त्यानंतर आईनं बरेच दिवस घराचं दार लोटूनच ठेवलं होतं. आता लातूरचं स्थळ जुळलं होतं, त्यामुळं सरूमावशीच्या प्रश्नाला माझं उत्तर तयार होतं.

"लातूरवाले पानावरून उठून जातील, याचं भ्याव वाटतं मावशी."

"असं हाय व्हय," ती म्हणाली. "मंग आता सांग, पानं किती?"

वैशालीचे होणारे सासरे गोविंदराव लातूरला एका डाळ मिलमध्ये दिवाणजी होते. देणंघेणं त्यांनी काही मागितलं नव्हतं. "पाहुण्यांना पोटभर जेवण आणि बासुंदी, बस," एवढंच म्हणाले होते. आम्ही आमच्या गावातल्या मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला. पत्रिका मोबाईलवरूनच पाठवल्या. फुलांऐवजी केळीचे खांब लावले आणि आहेराऐवजी पाहुण्यांना द्यायला मामांनी बागेतून केळीचे घड आणून ठेवले. सरूमावशीनं जेवणात काय कमी करायचं तेही शिकवलं. "दोन भाज्या नगं, एकच कर, पन लई कर. मानूस दुसरी भाजी आठवत न्हाई. वाढनारा हात आखडला तर ते मातर जलमभर आठवतो."

दूध मात्र चांगलं आणायचं, पहाटेपासून आपण आटवू, असं तिनं बजावलं होतं. मी ऐकलं नाही. ओळखीतल्या एकानं तयार बासुंदी निम्म्या दरात देतो म्हटलं आणि मी हो म्हणून बसले. तिला सांगितलं ते लग्नाच्या सकाळी, कॅन टेम्पोतून उतरत असताना.

उन्हाळ्याचे दिवस. अक्षता पडत होत्या तेव्हा कमल मला बोलवायला आली. मांडवामागं सरूमावशी कॅनजवळ उभी होती. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावलं.

"ही वाढायची न्हाई."

मी वाकून वास घेतला. आंबूस होता, अगदी थोडा.

"मावशी, वेलदोडा घाला जास्तीचा. थंड करून वाढू. कुणाच्या लक्षात यायचं नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

"लेकरं जेवनार हायेत, ताई."

"ते उठून जातील हो! वैशालीचं काय होईल?"

कमलनं आणि तिनं कॅन उचलले आणि मागच्या खड्ड्यात ओतले. मी नुसती बघत राहिले. मांडवात वाजंत्री वाजत होती आणि मला वाटत होतं, ही थांबूच नये.

सकाळच्या नाष्ट्याचा रवा उरला होता. सरूमावशीनं मामांचे पिकलेले घड खाली ओढले. तिघीजणी केळी सोलायला बसल्या. तूप, साखर, रवा. पंगत बसेस्तोवर केळीचा शिरा तयार होता, पण गोविंदराव पहिल्या पंगतीतून उठून थेट मागं आले.

"बासुंदी कुठाय?"

सरूमावशी पुढं झाली. पदर डोक्यावर घेतला.

"माज्या हातनं नासली, मालक. दूध नीट तापवलं न्हाई मी. ताईंचा काई दोष न्हाई यात."

गोविंदराव चारचौघांदेखत तिला नको नको ते बोलले. "असल्या बाईच्या हातात लग्न देता?" असंही म्हणाले. ती खाली मान घालून उभी होती. मी तिच्या शेजारीच होते. एक शब्द बोलले नाही.

शेवटी ते पंगतीत जाऊन बसले. जेवले. शिरा दोनदा मागून घेतला. वैशाली सुखरूप लातूरला गेली.

महिनाभरानं कमलकडून कळलं की त्या हंगामातली सरूमावशीची तीन कामं गेली होती. बासुंदी नासवणारी बाई, असं नाव झालं होतं तिचं. मी धावत अर्धापूरला गेले. म्हटलं, लातूरला जाऊन खरं सांगते.

ती एकदम घाबरली. तिला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझं मनगट धरून म्हणाली, "खुळी हायेस का? नवी नवरी हाय ती. तिला टोचून खातील. पोरीचे पाय रुजू दे तिथं. माजं काय, मी भाकऱ्या बडवून खाईन."

मला तेच हवं होतं. वैशालीला दिवस गेले, मुलगी झाली, मुलगी चालायला लागली. दर वेळी मी म्हणायचे, आता सांगू. लातूरचा फोन वाजला की आधी वाटायचं, कुठून तरी त्यांना कळलं की काय.

आणि एके दिवशी कमलचा फोन आला. सरूमावशी झोपेतच गेली म्हणाली.

तेराव्याला वैशाली अर्धापूरला आली, तिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून गोविंदरावही सोबत आले. पंगतीत कुणीतरी हळहळलं, "हात चांगला होता बाईचा. त्या बासुंदीनं नाव घालवलं."

गोविंदरावांनी मान डोलावली. मी पानावरून उठून उभी राहिले.

"बासुंदी मी आणली होती. बाहेरून, स्वस्तात. तिनं फक्त ओतून टाकली. मी तर वाढा म्हणत होते."

सगळे हात थांबले. वैशालीचा चेहरा पांढरा पडला. गोविंदरावांनी हातातला घास पानात ठेवला.

"माझ्या पानात वाढणार होतात?"

"हो."

"आणि मी जे बोललो, ते त्या बाईनं ऐकून घेतलं?"

"हो."

ते उठले, हात धुतले, आत जाऊन सरूमावशीच्या फोटोपुढं डोकं टेकून आले. वैशालीला म्हणाले, "जेव पोरी, निवून चाललंय." पुढंही तिला त्या घरात यावरून कुणी काही ऐकवलं नाही.

कमल वरणाची बादली घेऊन माझ्या पानापुढं आली. डाव भरून वाढलं. आवाजात राग नव्हता.

"लई वेळ लावला, ताई," ती म्हणाली, आणि पुढच्या पानाकडं गेली.