कोणी आत येईपर्यंत

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या कानात पियानोच वाजत होता, आणि फोनमुळे तोही मध्येच तुटला. ऑफिसात दुपारच्या वेळी मी हेडफोन लावून तसलं संगीत ऐकते. एकटा पियानो, हळू, शब्द नाहीत. त्या वेळात कोणी माझ्याशी बोलायला येत नाही, हाही त्याचा एक फायदा. आईचा आवाज आला, "मामा गेला गं…" तिनं फोन ठेवला आणि जिथे तुटलं होतं तिथूनच ते संगीत पुन्हा सुरू झालं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. रडू नंतर आलं. आधी आला तो राग, कारण मनात पहिला विचार हा आला की आता ती धून मला कधीच पूर्ण ऐकायला मिळणार नाही. फोनमधली नव्हे, मामांची.

मामा भंडाऱ्याकडे अड्याळला राहायचे आणि झाडीपट्टीच्या नाटकांत कीबोर्ड वाजवायचे. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईला नाटक लागतं, आणि ते तीन-चार महिने मामा नाटक कंपनीच्या गाडीतच असायचे. उरलेलं वर्ष शेती, वंदनेला विहारात जाणं आणि संध्याकाळी समोरच्या खोलीत कीबोर्ड. नाटकात ते सगळं वाजवायचे, मारामारीचं, रडारडीचं, नाचाचं. घरी मात्र एकच. पियानोचा आवाज लावायचे आणि एक अतिशय हळू धून सुरू करायचे. त्यांनी स्वतःच बसवलेली, नाव नसलेली. सुरुवात नेहमी तीच असायची, डाव्या हाताचे दोन खोल स्वर, मग थांबणं, मग उजव्या हाताचा एकटा स्वर, जणू कोणीतरी दार न वाजवता नुसतं बाहेर उभं आहे. ती धून वाढत जायची, एका ठिकाणी वळायची, आता कुठेतरी पोचणार असं वाटायचं… आणि कोणीतरी खोलीत यायचं. मामी, शेजारचे काका, गॅस सिलेंडरवाला, कोणीही. मामा लगेच हात उचलायचे. "या, या, बसा." संपलं. त्यानंतर ते पुढचं कधीच वाजवायचे नाहीत.

मला याचा किती त्रास व्हायचा ते लिहून कळणार नाही. शिंक येता येता परत जावी तसं काहीतरी. मी सुट्टीत अड्याळला गेले की दाराकडे लक्ष ठेवून बसायचे. शेजारचे काका फाटकाशी दिसले की मनातल्या मनात म्हणायचे, आता नको, थोडं थांबा. ते थांबायचे नाहीत.

त्यांना पियानोचं वेड कुठून लागलं ते माहीत नाही. खरा पियानो त्यांनी एकदाच पाहिला, माझ्या शाळेत. भंडाऱ्यातली माझी इंग्रजी माध्यमाची शाळा, तिच्या हॉलमध्ये खिडकीजवळ एक जुना पियानो होता, कायम कुलूप लावलेला, वर फुलदाणी. गॅदरिंगला मामा आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते मॅडमना म्हणाले, "मॅडम, दोन मिन्टं वाजवून पायतो." मॅडम हसून नाही म्हणाल्या. इतक्या गोड हसल्या की मलाच काहीतरी तोडावंसं वाटलं. मामांना राग नाही. त्यांनी झाकणावर तळहात ठेवला आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "गरम होता लेकाचा! उन्हात ठेवते काय वो त्याले? बैल तरी सावलीत बांधते लोक."

पुढे मी कॉलेजात गेले आणि मोबाइलवर तसलं संगीत शोधून त्यांना ऐकवू लागले. ते मन लावून ऐकायचे, पण स्क्रीनवरची चित्रं पाहून वैतागायचे. बर्फ, शेकोटी, काचेवर ओघळणारे थेंब, चॉकलेटी लाकडाचं घर. "हे कोन्तं गाव?" मी म्हटलं, असंच असतं, मूड येतो त्याने. "बरफ पायला का तुनं कधी?" "नाही." "मंग तुले कायचा मूड येते? डोळे मीट. अन् मंग सांग काय दिसते ते."

मला सांगता यायचं नाही. दिसायचं सगळं. धान कापून नेल्यावर उघड्या पडलेल्या शेतातल्या बांध्या, त्यात राहिलेली खुंटं आणि त्यांच्यावर थंडीतलं पातळ धुकं. गावाबाहेरच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, पाणी कमी झालेलं, आणि एक बगळा एक पाय टाकतो, थांबतो, बराच वेळ विचार करून दुसरा टाकतो. लहानपणी ताप आला की आई दुपारी खिडकीला चादर लावायची, तो पिवळा अंधार. आणि कधी कधी एक भावना, जिला चित्रच नाही, की कोणीतरी आपल्याला समजून घेणार होतं आणि तेवढ्यात बस आली. पण मी म्हणायचे, "काही नाही दिसत." मामा मान हलवायचे. "काहीच नाई, हे बी दिसते बरं."

एकदा त्यांनी मला पेटी आणि पियानोतला फरक सांगितला होता. पेटीचा सूर आपण सोडतो तेव्हा जातो, म्हणाले. "हा पियानोचा सूर आपन दाबला का तवाच जाले लागते. त्याले थांबवता येत नाई, नुसतं आयकता येते." नंतर मी कुठलाही पियानो ऐकला की हेच ऐकू यायला लागलं, प्रत्येक स्वर जन्मल्या क्षणापासून निघून चाललेला. सुंदर संगीत आहे म्हणून लोक झोपायच्या आधी ते लावतात. मला झोप येत नाही.

शेवटची भेट उन्हाळ्यातली. मामा बारीक झाले होते, नागपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होत्या. मी त्या दिवशी ठरवूनच गेले होते. एरवी मी कोणाकडे काही मागत नाही, पण तेव्हा सरळ म्हटलं, "मामा, आज शेवटपर्यंत वाजवा. मी दार लावते." ते हसले. "दार लावून कायले? कोंडून मारते काय मले?" मी दार लोटलं. त्यांनी वाजवायला घेतलं. बोटं थोडी कापत होती, त्यामुळे स्वरांच्या मधल्या जागा आणखी लांबल्या होत्या. वळणाची ती जागा आली. त्या जागेच्याही पुढे मामा दोन स्वर गेले, जिथे मी आजवर कधी पोचले नव्हते… आणि मामीनं कोपराने दार ढकललं, हातात चहाचे कप. मामांनी हात उचलले.

"मामा! वाजवा ना पुढे."

"आता आलीच ना ते. कायले वाजवू?"

"काय झालं वो?" मामी म्हणाली. "मी काय केलं बापा?"

तिनं काहीच केलं नव्हतं. मी चहा प्यायले. इतका राग आला होता की साखर आहे की नाही तेही कळलं नाही.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अंगण भरलं होतं. वंदना झाली, मग भाषणं. मामा हसतमुख होते, मनमिळाऊ होते, समाजासाठी झटले. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनी इतर कोणाबद्दलही चालेल असं काहीतरी मामांचं नाव लावून सांगितलं. त्या धुनेबद्दल एकानेही नाही. मी मागे खांबाला टेकून बसले होते आणि ओठ चावत होते. जेवणं झाल्यावर कंपनीतल्या जुन्या नटी नलूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही, पण त्या दिवशी मीच विचारलं, मामा एक हळू धून वाजवायचे, तिचा शेवट तुम्ही कधी ऐकला का?

"ते? दोन सुराची? अवो बाई, ते तं आमच्यासाठी वाजवे ना तो!" त्या म्हणाल्या. "परवेश बदलाचा असला अन् कोनाची तयारी नाई झाली, का पब्लिक शिट्ट्या मारे. मंग तुझा मामा ते सुरू करे. म्हने, जोरात वाजवलं तं लोक अजून वरडते, हळू वाजवलं तं आयकाले चूप बसा लागते. माह्या तं एकडाव ब्लाऊजची चेन अटकली होती. एवढं वाजवलं, एवढं वाजवलं, का पुढच्या लायनीतला बुढा घोरून रायला होता!"

"पण शेवट?"

"शेवट कायचा आला? मी विंगेतून हात दाखवो. हात दिसला का तो हात उचले. आमी आलो का झालं."

आम्ही आलो की झालं. मामी बाजूलाच ताटं उचलत होती, तिनंही ते ऐकलं. मला हे कळल्यावर शांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढंसं मला सांगायला काय हरकत होती? मी वर्षानुवर्षं दाराकडे बघत बसले, येणाऱ्या प्रत्येकाचा मनात राग केला, आणि ते मात्र आयुष्यभर कोणीतरी तयार होऊन येईल म्हणून वाजवत राहिले. इतकं सुंदर काहीतरी एखाद्याने फक्त वेळ भरून काढायला का बनवावं? आणि बनवलंच तर त्यात माझ्यासाठी बगळा का ठेवावा, धुकं का ठेवावं? ज्यांना उत्तर माहीत होतं त्यांच्या फोटोला हार घातलेला होता.

माझ्या फोनमध्ये त्या धुनेची बरीच रेकॉर्डिंग आहेत. नंतर एकेक ऐकली. प्रत्येकाच्या शेवटी कोणीतरी आहे. फाटकाची कडी, मामीच्या बांगड्या, काकांचं खोकणं, आणि एकात, फोन कीबोर्डजवळ ठेवून मी बाहेर गेले होते त्यात, माझीच चप्पल.

मागच्या आठवड्यात पुन्हा अड्याळला गेले. समोरच्या खोलीत कीबोर्ड तिथेच आहे, मामीच्या जुन्या साडीच्या तुकड्याखाली. मामी दुपारी स्वयंपाकघरात होती. मी कापड बाजूला केलं, पियानोचा आवाज लावला आणि वाजवून पाहिलं. डावीकडचे दोन, थांबणं, उजवीकडचा एक. ऐकून ऐकून हात चालतात, चुकतही होते. वळणाच्या जागेशी पोचले तेव्हा दारात सावली आली. मामी उंबऱ्याच्या बाहेर उभी, हातात कप.

"वाजव वाजव," ती हळूच म्हणाली. "मी नाई येत आत."

ती खरंच आली नाही. उभी राहिली, पाय पायरीवर, दारालाही न टेकता. एवढी वर्षं मला जे हवं होतं ते अखेर मिळालं होतं, आणि मला पुढचं येत नव्हतं. ते दोन नवे स्वर आठवले, त्यापुढे काही नाही. मी परत सुरुवातीला गेले. पुन्हा वळणाशी आले. पुन्हा मागे. मामी तशीच उभी, श्वाससुद्धा बेताने घेत. कपावरची वाफ केव्हाच गेली होती, आणि तिच्या डोळ्यांना काय दिसत होतं ते मी विचारलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "मामी, ये ना आत."

ती आली. मी हात उचलले.