तांदळाच्या पिठाचा ड्रम

नोकरीत कितीतरी गुन्ह्यांचा तपास केला आणि बरेचसे विसरलो. मोहने गावच्या चाळीतलं ते प्रकरण मात्र विसरता आलं नाही, कारण त्यात पहिली चूक माझी होती.

मी तेव्हा कल्याण परिसरातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि सरकारी रुग्णालयातल्या चौकीवरून फोन आला. एकाच घरातले तिघं दाखल झाले होते. आजोबा, आजी आणि सुट्टीला आलेली त्यांची चार वर्षांची नात, म्हणजे मुलीची मुलगी. अन्नातून विषबाधा झाल्याचा संशय होता.

मी गेलो तेव्हा आजी हवेत काहीतरी पकडत होत्या आणि असंबद्ध बोलत होत्या. तिघांचीही तोंडं कोरडी पडलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. ड्युटीवरचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे शिळ्या अन्नाचं काम नाही. नैराश्यावरच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या की असं दिसतं. हृदयाचे ठोके बिघडतात. आजोबांचं मी काही सांगू शकत नाही."

दुपारी ठाण्यात एक निनावी फोन आला. बाईचा आवाज होता. "सुनेला विचारा. मेडिकलमध्ये कामाला आहे ती. घरात सगळे आडवे झालेत आणि ही एकटी ठणठणीत." एवढंच बोलून फोन बंद.

घरात चौथं माणूस म्हणजे सूनच. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, आठ दिवसांपासून गुजरातला गेलेला. पंचांसमक्ष झडती घेतली. सुनेच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, डॉक्टर म्हणाले त्याच प्रकारच्या गोळ्यांची पाकिटं मिळाली. मनातल्या मनात मी गुन्हा उघडकीला आणून मोकळा झालो.

बाईचा जबाब तिच्या घरी घ्यायचा असतो, हे मला पाठ होतं. तरीही मी जीप पाठवली आणि तिला ठाण्यात आणवलं. सगळी चाळ गॅलरीत उभी होती.

बाई जेमतेम अठ्ठावीसची. समोर महिला अंमलदार बसलेली. मी पाकिटं टेबलावर ठेवली.

"या गोळ्या कुणाच्या?"

"माझ्या."

"कशासाठी घेता?"

तिने पाकिटं एकावर एक नीट रचली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी माझं बाळ पोटातच गेलं, साहेब. नंतर झोप नाही, जेवण नाही. नुसती भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टरांनी लिहून दिल्यात. घरी कुणाला माहीत नाही. आईंना कळलं असतं तर मला वेडीच ठरवलं असतं."

"सासूवर राग होता ना?"

"होता. भांडणं कुठल्या घरात होत नाहीत? पण त्या पोरीला मी कशाला काय करू? ती माझ्याच कुशीत झोपते." एवढं बोलून तिने पाकिटं माझ्याकडे सरकवली. "मोजा तुम्ही. डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये आहे. रोज एक. एक जरी कमी निघाली ना, तर टाका मला आत."

मी मोजल्या. चिठ्ठीवरची तारीख आणि उरलेल्या गोळ्या बरोबर जुळल्या. ती कामाला होती त्या दुकानाचा साठाही तपासला, तिथेही एक गोळी इकडची तिकडे नव्हती.

त्याच संध्याकाळी आजोबा गेले. त्यांची मुलगी, म्हणजे आमच्या संशयित बाईची नणंद, ठाण्यात येऊन ओरडली, "माझ्या बापाला खाल्लं हिने, आणि तुम्ही तिला चहा पाजताय?" सुनेला अटक करावी म्हणून माझ्यावर चहूबाजूंनी दबाव होता. पण गोळ्यांचा हिशेब मला पुढे जाऊ देत नव्हता. मी तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी छोटी शुद्धीवर आली. महिला अंमलदार तिच्या खाटेवर बसून गप्पा मारू लागली. काय खाल्लंस, कुणी दिलं, असं हळूहळू.

"भाकरी कडू होती," मुलगी म्हणाली. "आबांनी गूळ दिला. मग माझी जीभ झोपली."

"भाकरी कुणी केली होती गं?"

"आजीने. मामी कामाला गेलेली."

आता उलगडा होऊ लागला. भाकरी दाखल होण्याच्या आदल्या दुपारच्या, सासूने केलेल्या. सून सकाळीच भात-भाजीचा डबा घेऊन बाहेर पडायची. संध्याकाळीही ती भातच खायची.

मी पुन्हा त्या खोलीत गेलो. सोबत आमचे एक जुने हवालदार होते. त्यांचा भाऊ डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. ओट्याखाली पुठ्ठ्याचा एक जाड गोल ड्रम होता, झाकणाला पत्र्याची कडी. आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत तांदळाचं पीठ. पहिल्या झडतीत मी त्यात नुसतं डोकावून पाहिलं होतं.

हवालदार खाली बसले आणि म्हणाले, "साहेब, हात लावू नका. हा किराण्याचा ड्रम नाही. औषधाच्या पावडरचा आहे."

बाहेरून लेबल खरवडून काढलेलं होतं, पण कोपऱ्यात कवटीच्या चिन्हाचा अर्धा तुकडा शिल्लक होता. पिशवीच्या तळाच्या घड्यांमध्ये बारीक पांढरी भुकटी चिकटलेली. पिठात पीठ, ओळखणार कसं? नमुने सील करून प्रयोगशाळेला पाठवले. पुढे अहवाल आला. नैराश्यावरच्या गोळ्यांमध्ये जे मूळ औषध अगदी थोडं घालतात, तेच हे, पण शुद्ध स्वरूपात.

"ड्रम कुणी आणला?" मी सुनेला विचारलं.

"बाबांनी. तिघं आजारी पडले त्याच्या आदल्याच दिवशी, भंगारवाल्याकडून. झाकण घट्ट बसतं, मुंग्या लागणार नाहीत, म्हणून खूश होते."

भंगारवाल्याने आढेवेढे न घेता कारखाना दाखवला. डोंबिवलीतल्या त्या कारखान्यात मला आत सोडण्याआधी अंगभर झगा, मास्क, चष्मा आणि हातमोजे चढवायला लावले. काचेच्या खोलीत दोन कामगार पावडर तोलत होते, वर हवा खेचणारं यंत्र चालू होतं. बाहेर पडताना हात कोपरापर्यंत धुवायला लावले. स्टोअरचे प्रमुख अभिमानाने सांगत होते, "साहेब, ही पावडर श्वासातून जाऊ नये, कातडीला लागू नये, डोळ्यांत उडू नये, याची आम्ही पूर्ण काळजी घेतो."

"आणि रिकामे ड्रम?"

त्यांनी फाइल काढली. पिशव्या जाळायला पाठवल्याच्या पावत्या, ड्रम फोडल्याच्या नोंदी, सगळ्यांवर सह्या. मी भंगारवाल्याला आत बोलावलं. त्याला बघून प्रमुखांचा चेहरा उतरला.

"साहेब, रिकामेच होते ते..."

"मला काचेबाहेर उभं राहायला मास्क लागला. एका आजीने त्या पिशवीत हात घालून भाकरीचं पीठ काढलं."

मग त्यांनी कबूल केलं. पिशव्या जाळायला नेणारी गाडी वेळेवर येत नव्हती, गोदाम भरत चाललं होतं, म्हणून पिशव्यांसकट ड्रम भंगारात दिले आणि नोंदी बसल्या जागी भरल्या. कुणाला मारायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांनाही त्या नातीच्या वयाची मुलगी होती, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

असे सात ड्रम बाहेर गेले होते. दोन दिवस ठाण्यातला प्रत्येक मोकळा माणूस त्यांच्या मागे होता. एक खडवलीजवळच्या शेतघरात बियाण्याला वापरलेला मिळाला, एक मंडपवाल्याकडे. एका बाईने तर आतल्या पिशवीत पाणी भरायला आदल्याच दिवशी सुरुवात केली होती. सहा सापडले. सातवा शेवटपर्यंत मिळाला नाही. भोंगा लावून वस्त्यांमधून रिक्षा फिरवली, तरी नाही. ते अजून मला टोचतं.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा दाखल झाला. स्टोअर प्रमुखाला शिक्षा झाली, मालकाचं अपील चालू आहे. आजी आणि नात बऱ्या झाल्या.

दोषारोपपत्राच्या कामासाठी सुनेचा पुरवणी जबाब घ्यायचा होता. या वेळी मी तिच्या घरी गेलो. सही करून ती म्हणाली, "साहेब, मी सुटले ते कागदावर. मला जीपमधून नेताना सगळ्यांनी बघितलंय. सुटले ते कुणी बघितलं?"

पुढच्या रविवारी सकाळी मी गणवेशात चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा राहिलो. माणसं जमली. ड्रमची हकिगत सांगितली, आणि या बाईला ठाण्यात नेणं ही माझी चूक होती, हेही सांगितलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मग त्या गोळ्या?"

मी तोंड उघडणार इतक्यात तीच पुढे आली. "माझ्या आहेत. माझं बाळ गेलं म्हणून घेते. डॉक्टर सांगतील तोवर घेणार."

सासू गर्दीत खुर्चीवर बसली होती, अजून पायात जोर नव्हता. ती म्हणाली, "अगं, मग मला का नाही सांगितलंस?" आणि शेजारणीला म्हणाली, "जरा सरक, तिला बसू दे."

घरात एकच माणूस धडधाकट राहिला म्हणून मी त्याच्यावर बोट ठेवलं होतं. त्या बाईचं आजारपण मी पुरावा म्हणून टेबलावर मांडलं, आणि खरा पुरावा ओट्याखाली पिठाने भरलेला होता. पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी हे प्रकरण नेहमी सांगायचो. संशय चार भिंतींत घ्या, असं म्हणायचो, आणि तो चुकला तर चारचौघांत जाऊन सांगा. पहिलं सगळे लिहून घ्यायचे. दुसऱ्याच्या वेळी बहुतेकांची पेनं थांबायची.