काळूचा ळ

छिन्नी खाली ठेवून मी इंजिनियर साहेबांना सांगितलं, हे नाव चुकीचं आहे, मी कोरणार नाही.

पंचवटीत माझं दगडावर अक्षरं कोरायचं दुकान आहे. शाळा तिसरीपर्यंत. पण पन्नास वर्षांत माझ्या अक्षरात कोणी चूक काढलेली नाही. कोरायच्या मजकुराला आम्ही मॅटर म्हणतो. या वेळचं मॅटर पेठकडच्या डोंगरातल्या स्मारकाचं होतं. इंग्रजांनी जंगलाला कायदा लावला. लाकूड बंद, मोह बंद, वर सारा वसूल. तेव्हा आमच्या लोकांनी कचेरी जाळली. नऊ जणांना झाडाला फाशी दिलं आणि दप्तरात दरोडेखोर लिहिलं. आमच्याकडे त्याला बंडच म्हणतात. त्या नवांतला तिसरा म्हणजे माझ्या आजोबांचा आजोबा. पुढं कितीतरी वर्षं घरावर चोराचा शिक्का राहिला, म्हणून त्याचं नाव बाहेर कोणी घेत नसे. ते आता दगडावर येणार होतं. हे काम मी मागून घेतलं होतं.

आणि मॅटरमध्ये लिहिलं होतं, 'कालू'.

साहेब म्हणाले, "बाबा, जुन्या इंग्रजी कागदावरून यादी केलीय. फायनल आहे."

"इंग्रजीत ळ नाही, साहेब. त्यांनी काळूचा कालू केला, धवळूचा धवलू केला. फाशी दिली ती दिली, नावं तरी नीट द्या."

"कमिटीने पास केलंय."

"मग कमिटीलाच द्या छिन्नी."

काम चार दिवस बंद राहिलं. ठेकेदाराने दुसरा कारागीर आणायची धमकी दिली. मी म्हटलं, आण. शेवटी साहेबांनीच वर बोलून चार नावांत ळ मंजूर करून आणला. ते चार ळ मी बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा खोलच मारले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दगड डोंगरावर उभा केला. माझी थोरली बहीण गावाहून चालत आली. तिला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं आणि वाचलं, काळू.

"यो कोन?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आपलाच, बंडातला.

तिने बोट काढून घेतलं. "यो आपला नाय. आपला त कालू." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "बाला, तू त पार नाशिकचा झाला."

बाला. या नावाने मला हाक मारणारं आता दुसरं कोणी राहिलेलं नाही. तेव्हा मला मास्तरांची छडी आठवली. आमच्या डोंगरात ळ नाहीच. डोला, जांभूल, काला. मास्तर मारायचे, डोळा म्हण, जांभूळ म्हण. मी शिकलो. नाशिकला माझ्या बोलण्यावरून कोणी डोंगर ओळखत नसे, याचा मला गर्वच होता. आई गेली तीही कालूच म्हणत गेली. मी ते अडाण्याचं बोलणं समजत होतो.

साहेबांना जाऊन सांगितलं, चूक माझी आहे, ल हवा. पण दगडाला रबर नसतं. एक अक्षर काढायचं तर सगळा दगड अर्धं बोट घासून नऊही नावं नव्याने कोरावी लागतात. सकाळी पाहुणे येणार होते.

साहेब हळूच म्हणाले, "बाबा, ळच शुद्ध आहे. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी हत्यारं पिशवीत भरली.

दगड तसाच आहे. दुकानात कोणी नसलं की मी कालू म्हणून बघतो. जीभ वळून ळवरच जाते.

धंद्यात असलेल्यांना एवढंच सांगतो. नावाचं मॅटर आलं की ज्याच्या घरचं नाव आहे, त्या घरातल्या न शिकलेल्या माणसाकडून ते आधी ऐकून घ्यावं. इंग्रजाच्या कारकुनाने आमच्या माणसाला चोर लिहिलं, पण नाव बरोबर लिहिलं होतं.