सही दोन हापिसाईची

प्रार्थना संपली का हेडमास्तर ओळीत मले शोधत. नावानं त्याईनं मले कधी हाक मारली नाही. म्हणत, "नगरपालिका, चल, कामाला लाग."

पोरं फिदीफिदी हसत. मी ओळीतून निघे, भिंतीमागचा खराटा घे, अन् मागच्या दोन संडासाकडं जाये. सातवीत होती मी. इतिहासात माहा पहिला नंबर होता. पण सगळ्या शाळेत माहं नाव नगरपालिका.

काऊन, ते सांगते. नवं राज्य झालं, त्याच्यामागून जिल्हा परिषद आली. शाळा परिषदेची झाली. पण जागा नगरपालिकेची, नळ नगरपालिकेचा, बाहेरची नाली बी तिचीच. मग शाळेतली घाण कोणाची? हे म्हणत तुमची, ते म्हणत तुमची. कागद जाऊन राह्यले, येऊन राह्यले. इकडं पोरं नाकाले रुमाल लावून पाढे म्हणत. शेवटी दोघाईचं जमलं. पाणी अन् साफसफाई नगरपालिका देईन, त्याच्या बदल्यात शाळेचा मोठा हॉल संध्याकाळी तिच्या सभेले भेटीन, असा करारनामा झाला. दोन सह्या, दोन गोल शिक्के. हेडमास्तराईनं तो कागद फ्रेम करून आपल्या खुर्चीमागं टांगला.

झाडूवाला आठ दिवस आला. मग त्याले बाजाराच्या गल्लीत लावलं. हेडमास्तराईनं विचारलं, तर पालिकेतून चिठ्ठी आली. शाळेसमोरच्या रस्त्यावर आमची बाई आहे, शाळेचंही तीच पाहील.

ते बाई म्हणजे माही माय. एसटी स्टँडपासून शाळेपर्यंतचा रस्ता तिच्याकडं. शाळा उघडाच्या टायमाले ते स्टँडवरच राहे, तिले दोन जागी कसं पुरणार? हेडमास्तराईनं तिले फाटकाबाहेर बोलावलं अन् म्हणाले, "तू नाही आलीस तरी चालेल. तुझी मुलगी रोज इथं असतेच."

माय नाही कशी म्हणीन? तिची नोकरी कच्ची. पक्की करतो, पक्की करतो, असं साहेब लोक कवापासून सांगून राह्यले होते. घरी मले म्हणे, "कर ना बाई एवढं. माह्या नोकरीवर पाणी नोको टाकू."

मी केलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवाच घरातले देव आम्ही नदीत सोडले होते. आता कोणापुढं वाकाचं नाही, असं मायच म्हणे. देवापुढचं वाकणं सुटलं, हे नवं लागलं. याचा मले लय राग ये. पण राग कोणावर काढू? मायवर काढे. तिनं वाढलेली भाकर तशीच ठेवून उठे.

पहिल्या तासाले हजेरी होये. तवा मी संडासात. एकदा माहं नाव ऐकू आलं म्हणून पळत खिडकीपाशी गेली अन् बाहेरूनच म्हटलं, "हजर, गुरुजी." गुरुजीनं मान वर केली नाही. म्हणाले, "वर्गात असशील तर हजर." अन् लिहिलं 'गै'. गैरहजर. रोज तेच. मले वाटे, लिहू दे. गुरुजीले तं माहीत हाय मी कुठं असते.

सातवीच्या परीक्षेचे फॉर्म भराचे दिवस आले. सातवी पास झाली का मास्तरणीच्या ट्रेनिंगले जाता ये. मले तेच कराचं होतं. फॉर्म वाटले, मले भेटला नाही. मी हापिसात गेली. त्या फ्रेमखाली हेडमास्तर बसले होते.

"तुझी हजेरी भरत नाही," म्हणाले.

"मी रोज येते सर. तुमीच तं मले रोज हाक मारता."

ते हसले. "येतेस. पण तू शाळेत येत नाहीस, कामावर येतेस."

 बाहेर येऊन नळाखाली हात धुतले, लय वेळ धुतले. घरी मायले सांगितलं तर तिनं चुलीत काडी सारली. मग म्हणे, "पुढच्या साली भर."

त्याच आठवड्यात शाळेत कार्यक्रम ठरला. करार कसा चालला ते पाहाले परिषदेचे साहेब येणार, पालिकेचे अध्यक्ष येणार. हेडमास्तराईनं मले दिवस उगवाच्या आत बोलावलं. सडा टाकून घेतला, संडास दोनदा धुऊन घेतले. मग म्हणाले, "पाहुणे जाईपर्यंत मागेच थांब."

मी मागं थांबली. भाषणं ऐकू येऊन राह्यली होती. दोन संस्था, एक दिलानं, बैलजोडीसारख्या. मग अध्यक्षाले काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, आमच्या सफाईवालीचा सत्कार करू. माणूस स्टँडवर पळाला. माय आली. पदर खोचलेला, पाय धुळीनं भरलेले. तिच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला.

परिषदेचे साहेब चांगले बोलले तिच्याशी. "बाई, शाळा छान ठेवलीत. सकाळी केव्हा येता?"

मायनं हेडमास्तराकडं पाह्यलं. त्याईनं मान हलवली. ते खाली पाहून म्हणे, "पहाटेच येतो जी."

त्या शाळेच्या फाटकाच्या आत माही माय पहिल्यांदा आली होती. अन् आल्या आल्या तिले माह्यासमोर खोटं बोला लागलं. माह्या डोक्यात तिडीक गेली. मी खराटा घेऊनच पुढं आली.

"साहेब, शाळा मी झाडते. मी सातवीत हाव. हजेरी पाहा."

हेडमास्तर म्हणाले, "मुलगी जरा वेडसर आहे, साहेब."

हजेरीचं पुस्तक तपासणीसाठी टेबलावरच होतं. साहेबानं उघडलं, माहं नाव विचारलं, ओळीवरून बोट फिरवलं. गै, गै, गै. मग पुस्तक मिटलं अन् अध्यक्षाले म्हणाले, "यावर दोघांनी मिळून एकदा बसायला हवं."

"हो, हो, बैठक लावू," अध्यक्ष म्हणाले. तेवढ्यात चहा आला.

मी खराटा टेबलावर ठेवला, कपाईच्या बाजूले. अन् वर्गात जाऊन बसली.

घरी मायनं मले मारलं. हार चुलीत घातला अन् स्वतः रडली. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी केली, दोघीनं खाल्ली. मी म्हटलं, "माय, तू खोटं नोको बोलत जाऊ माह्यासाठी." ते म्हणे, "तुह्यासाठी नाही बोलली. नोकरीसाठी बोलली." खरंच होतं ते.

सकाळी प्रार्थना झाली. "नगरपालिका." मी ओळीसोबत वर्गात गेली. गुरुजी माह्या नावापाशी अडले, माह्याकडं पाह्यलं, अन् हजर लिहिलं. तीन दिवसात वास सुटला. हेडमास्तर वर्गाच्या दारात आले. "वास येतोय. कळत नाही का तुला?"

मी उभी राह्यली. "वास येतो, सर. पण त्या कागदावर दोन हापिसाईची सही हाय. माही नाही."

त्या साली माहा फॉर्म गेला नाही. बैठक झाली का नाही, मले माहीत नाही. मायले कामावरून कमी केलं, ते मातर लगेच झालं. ते धाड गावच्या शिवारात तण निंदाले जाऊ लागली. मी पुन्हा सातवीत बसली, त्याच शाळेत, पहिल्या बाकावर, दाराच्या समोर. हेडमास्तराले रोज मीच पहिले दिसली पाह्यजे म्हणून. नाव घेतलं का मी उभी राहून हजर म्हणे. शेजारच्या वर्गाले ऐकू जाईन इतक्या जोरानं.

खराट्याले मी पुन्हा हात लावला नाही. तवाच ठरवलं, माही सही नसलेलं काम मी करणार नाही, अन् माह्या वर्गातल्या कोण्या पोरीले करू देणार नाही.