आठ इंची पंख्याचं गाऱ्हाणं

पत्र्याचे नळ वळवायचे आणि त्यांतून हवा खेळवायची, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. छापखाने, लाँड्र्या, हॉटेलांची स्वयंपाकघरं, जिथे म्हणून कोंदट तिथे हा हजर. कानसेन हे नाव त्याला हाताखालच्या कामगारांनी ठेवलेलं. मोजायची यंत्रं याने कधी वापरलीच नाहीत ना! पंखा बसवायचा, बटण दाबायचं, सगळ्यांना "गप रे!" म्हणून दटावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. पंखा ओरडला की नळ लहान. नुसता घुमला की नळाचं वळण चुकलं. गाढ झोपलेल्या माणसासारखा श्वास घेऊ लागला की काम फत्ते, चला चहा प्यायला. कागदाची पट्टी जाळीपुढे धरून हवा बघणाऱ्यांची तो चारचौघांत टिंगल करायचा. "कागदाला काय कळतंय, डोंबल!"

आता साठी उलटून गेली होती. हल्ली लोक फार पुटपुटतात, अशी त्याची एक तक्रार होती. ती तो सगळ्यांना मोठ्याने ऐकवायचा.

बायको गेल्यापासून दोन्ही वेळचं जेवण धाकट्या बहिणीकडे. तिचा नवरा केव्हाच वारलेला, मुलगा लांबच्या शहरात. मुलाचं एकच टुमणं: घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. शेवटी ती मुलाला म्हणाली, "एक संधी दे मला. तुझ्या खोलीत अळंबी लावते. पहिलं पीक चांगलं आलं तर मी इथेच राहणार. नाही आलं तर तू म्हणशील तसं." मुलगा कबूल झाला. कानसेनाचा जीव मात्र टांगणीला लागला. बहीण गेली की त्याला जेवायला हाक मारणारंही कोणी उरणार नव्हतं.

म्हणून खोलीच्या वाऱ्याचं काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं. अळंबीला आपल्यासारखाच श्वास लागतो. बंद खोलीतली शिळी हवा सतत बाहेर काढावी लागते. त्याने आठ इंची दणदणीत पंखा आणला. पण भिंतीला भोक होतं जुनं, सहा इंची. आठ इंचाच्या तोंडापुढे सहा इंचाचं तोंड जवळजवळ निम्मंच असतं, हे त्याने आजवर शंभर जणांना रागावून सांगितलेलं. पण भिंत फोडायची म्हणजे घरभर धुरळा. तो म्हणाला, "आधी मधे निमुळता पत्रा घालून जोडून तर बघू. ओरडलाच तर फोडू भिंत."

जोडलं. बटण दाबलं. डोळे मिटले.

"वा! बाळ झोपलंय," तो खूश होऊन म्हणाला. दारात उभ्या असलेल्या बहिणीने तोंड उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. "छान झालं रे दादा," एवढंच म्हणाली.

अळंबीच्या तयार पिशव्या आल्या, मांडणीवर टांगल्या गेल्या. बाराव्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडचा शिंपी दारात उभा. गळ्यात टेप तशीच.

"ताई, आता हद्द झाली! तो पंखा बारा दिवस किंचाळतोय. गिऱ्हाईक माप सांगतं ते मला ऐकू येत नाही."

कानसेन ताटावरून ताडकन उठला. "माझा पंखा? किंचाळतो? चला आत, दाखवतो!" शिंप्याचा दंड धरून त्याने त्याला खोलीत ओढलं, दार लावलं आणि बोट वर केलं. "गप! ऐका. आहे का कुठे आवाज? बोला ना!"

शिंप्याने पंख्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मागोमाग आत शिरलेली बहीण कानसेनाच्या पाठीमागे हात जोडून उभी होती आणि नकारार्थी मान हलवत होती.

"नाही... आता नाही वाटत," शिंपी खाली बघत म्हणाला आणि निघून गेला. भला माणूस.

"बघितलंस? लोकांना खोड्या काढायला कोणीतरी लागतं!" असं म्हणून कानसेन वळला आणि पिशव्यांपाशी थबकला. अळंबीच्या माना वीतभर लांब, टोप्या शर्टाच्या गुंड्यांएवढ्या. पिशव्या देणाऱ्याने त्याच्यासमोरच सांगितलं होतं: माना लांबल्या की समजा, खोली गुदमरतेय.

गुदमरतेय? एवढ्याशा खोलीत आठ इंची पंखा पूर्ण वेगात चालू असताना?

मांडणीखालच्या वर्तमानपत्राची त्याने एक पट्टी फाडली. आयुष्यात पहिल्यांदाच. ती जाळीपुढे धरली. खरं तर तिने जाळीला फाटकन चिकटायला हवं होतं. ती जेमतेम हलली. म्हणजे नळ लहान. आणि नळ लहान असला तर पंखा ओरडणारच, यात चाळीस वर्षांत एकदाही फरक पडला नव्हता. तो वर फिरत्या पात्यांकडे बघत राहिला. त्याच्या कानांना मात्र खोली शांत होती.

तो स्टुलावर बसला. "ओरडतोय ना गं हा?"

ती मांडणीवरच्या पिशव्या सारख्या करू लागली.

"खरं सांग. माझी शपथ आहे तुला."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू बोलली नाहीस? अगं मूर्ख बाई, तुझं घर जाईल ना!"

"कसं बोलणार?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "डोळे मिटून किती खुशीत उभा होतास तू! घर गेलं असतं तर गेलं असतं रे."

त्याला लाज वाटली, भीती वाटली, आणि बहिणीची इतकी माया दाटून आली की काय करावं ते त्याला सुचेना. मग सुचलं ते नेहमीचंच. हातोडा आणि छिन्नी घेऊन तो आधी शिंप्याच्या दारात गेला. "माफ करा. ओरडत होता. आज भिंत फोडतोय, एवढा एक दिवस सोसा."

संध्याकाळपर्यंत घरभर धुरळा. भोक मोठं झालं, आठ इंची नळ बसला. चार पिशव्या वाया गेल्या होत्या. बाकीच्यांत नुकते कुठे पांढरे ठिपके फुटत होते, ते वाचणार होते. त्याने बटण दाबलं. कागदाची पट्टी जाळीला घट्ट चिकटली. सवयीने डोळे मिटले, पण लगेच उघडले आणि बहिणीकडे पाहिलं.

"आता?"

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ओरडत नाही, पण अजून थोडा घुमतोय, दादा."

"कुठे?"

तिने बोटाने नळाच्या वळणाकडे दाखवलं. त्याने नाक पुसलं, शिडी ओढली आणि चढायला लागला.

"तिथून हलू नकोस," तो म्हणाला. "थांबला की सांग."